लक्कम्मांचे माप



सप्टेंबर २०११ मध्ये तत्कालीन नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. अन्न, शिक्षण व औषधपाणी यांवर माणशी दिवसाला शहरात ३२ आणि खेड्यात २६ रुपये खर्च करू शकणारा दारिद्र्यरेषेच्या वर धरावा, असा त्याचा आशय. देशभर टीका झाली. दोघा सुशिक्षित तरुणांनी तर काही दिवस तेवढ्यात राहून पाहिले. श्रावणात आपणही दहा दिवस असे जेवून पाहावे, असे एखाद्या सद्भक्ताला वाटेल.

अवश्य पाहावे. डाळीचा भाव तरी कळेल! पण दारिद्र्य कळले असे समजू नये. आपल्या घरी गॅस आहे, डब्यात मीठ-मिरची आहे आणि अकराव्या दिवशी पुरणपोळी आहे. मजूर रोजच्यापुरते तेल घेतो, म्हणून त्याला ते महाग पडते. पोर तापाने फणफणले की डाळीचे पैसे औषधाला जातात. उपवास सुटण्याचा दिवस त्याच्या पंचांगात नसतो.

इथे आयदक्की लक्कम्मा आठवतात. 'आयदक्की' म्हणजे वेचलेला तांदूळ. पती मारय्या कल्याणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. तेच त्यांचे कायक, आणि त्यातूनच जंगमांचा दासोह चाले. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून यायला सांगितले, ही कथा आपण ऐकलेली आहे. गरिबाने समाधानी राहावे, असा अर्थ यातून काढणारे भेटतात. मला तो पटत नाही. त्या माउलीने शेजारणीचे मडके मोजले नाही, स्वतःच्या ओटीत आले ते मोजले. भरल्या पोटाने तिचे वचन उपाशी माणसाला ऐकवणे हा तिचा अपमान आहे.

किती कमीत भागेल, हा आपल्या प्रयोगाचा प्रश्न. यातले आपले किती, हा लक्कम्मांचा. पहिल्याचे उत्तर दहा दिवसांत मिळते. दुसरा कोठार भरलेल्या घराला अडचणीत टाकतो, म्हणून आपण तो सहसा विचारीत नाही.

तेव्हा प्रयोग करणाऱ्याने हिशेब ठेवावा. दहा दिवसांत किराण्याचे जे पैसे वाचले ते घरातच राहिले, तर ती काटकसर झाली. ते दासोहाला द्यावेत. आणि त्याच वहीत, त्याच पानावर, आपल्या शेतातल्या मजुराला किंवा घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला आपण काय देतो आणि तिच्या घरी खाणारी तोंडे किती, हेही लिहावे.