नेम आणि निकाल

निवडणूक जवळ आली की वारकऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडे फिरताना मला हटकून विचारला जातो. विचारणाऱ्याने उत्तरही मनात ठरविलेले असते. बुवा म्हणणार, हा मायेचा बाजार, तिकडे डोळा उचलून पाहू नका! मी तसे म्हणत नाही. पाहावे, मौजेने पाहावे, आणि मतही द्यावे. फक्त तापीचा पूर काठावर उभे राहून पाहायचा असतो. ज्याचे पाय पात्रात सुटले त्याला पुराची शोभा कसली दिसणार? तेव्हा काठ कशाला म्हणावे, एवढाच विचार आज करू.

2024 साली पंचांगाची आणि निवडणुकीची मोठी गमतीची गाठ पडली होती. 10 मे रोजी अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झाडांना झोके, आणि पुरुषमंडळींचा पत्त्यांचा डाव. (सणाच्या नावावर चालतो म्हणून हा डाव शास्त्रसंमत होत नाही, पण तो विषय वेगळा.) तो डाव उठतो न उठतो तोच 13 मेला जळगाव आणि रावेर मतदारसंघांत लोकसभेचे मतदान. 19 मेला वैशाख शुद्ध एकादशी, अमळनेरास सखाराम महाराजांच्या संस्थानचा रथ. आणि दुसऱ्याच दिवशी, बारशीला, धुळे मतदारसंघात मतदान. एकादशी सोडून माणसे रांगेत उभी राहिली. पुढे 12 नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी आली. त्या दिवशी जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, तो 1872 सालापासून. रथाला आठ दिवस झाले आणि 20 तारखेला विधानसभेचे मतदान.

आणि निकाल? धुळे मतदारसंघात 2019 साली डॉ. सुभाष भामरे सव्वादोन लाखांवर मताधिक्याने निवडून आले होते. 4 जून 2024 रोजी त्याच ठिकाणी डॉ. शोभा बच्छाव निवडून आल्या, त्या 3,831 मतांनी. दोघांनाही पावणेसहा लाखांहून अधिक मते. पारडे झुकले ते चार हजारही नाहीत एवढ्या मतांवर. याच लोकसभा मतदारसंघात मालेगाव मध्य हा विधानसभेचा भाग येतो. नोव्हेंबरात तिथला निकाल लागला 162 मतांनी. आपल्या एखाद्या दिंडीत याहून अधिक माणसे चालतात!

पारावर बसून भाकीत करणाऱ्यांची मग काय त्रेधा उडाली असेल, ती तुम्हीच पाहिली आहे. मला ही पारावरची बैठक आवडते. कुणी कापसाच्या भावावरून हिशेब मांडतो, कुणी केळीच्या. कुणी धुळीत बोटाने आकडे काढतो आणि वाऱ्याने ते पुसले की पुन्हा काढतो. एखादा पोरगा विचारतो, “आबा, यंदा कोन निवडी येई?” आबा म्हणतात, “पेटीले इचार!” आता पेटी जाऊन यंत्र आले, पण आबांचे उत्तर काही जुने झाले नाही. श्रीमंताला ठाऊक नाही, वक्त्याला ठाऊक नाही, उमेदवाराला स्वतःलाही ठाऊक नाही. माणसाच्या गर्वाला यापरते स्वस्त औषध मला तरी माहीत नाही. आपल्या हिशेबापलीकडे काही आहे, हे एरवी आम्ही व्यासपीठावरून घसा कोरडा करून सांगतो. निवडणूक ते हसत हसत पटवते. मग ती मौज का घेऊ नये?

अडचण पुढे आहे. पाहणारा काठावरून घसरतो. गावात दोन तट पडतात. मृदंगवाला एका बाजूचा, टाळकरी दुसऱ्या बाजूचा. भजनाला एका ओळीत उभे राहीनात. गावाचा एक सप्ताह होता, त्याचे दोन होतात. एकाच वेशीत दोन मांडव, दोन कर्णे, आणि ज्ञानोबा-तुकोबांचेच नाम एकमेकांवर ओरडून घेतलेले. निकालाचा गुलाल दोन दिवसांत धुऊन जातो हो, मांडव मात्र वर्षानुवर्षे दोनच राहतात. अशी गावे मी पाहिली आहेत. तिथे निवडून कोण आले होते हे आता कुणाला धड सांगता येत नाही.

याचे मूळ शोधू गेल्यास ते चमकण्याच्या हौसेत सापडते. हा काळच चमकण्याचा. कार्यकर्त्याला चमकायचे असते, वक्त्याला तर असतेच, आणि खरे सांगायचे तर कीर्तनकारालाही मोह होतो. समोर गर्दी दिसली की एखादा टोमणा हाणावा, हशा घ्यावा. टाळी मिळते. पण त्या टाळीने दुसऱ्या दिवशी काकड्याला एक माणूस वाढल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याच मुलखातली कथा आहे, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गावी त्यांचे मंदिर आहे. चौदाशे वर्षे तप केलेले चांगदेव. सिद्धी पायाशी लोळण घेत होत्या. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले आणि मायना काय लिहावा हेच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? कागद कोराच गेला. त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. मग महाराज वाघावर बसून, सर्पाचा चाबूक हाती घेऊन भेटीला निघाले. केवढी ती चमत्कृती! समोर भावंडे कशावर बसली होती? भिंतीवर. रोजची, ओळखीची भिंत. तीच चालू लागली. वाघावरून उतरलेल्या त्या महायोग्याने अखेर गुरू केली ती मुक्ताई, वयाने पोरच. कोणी म्हणेल, मुक्ताई तर विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, मग तेज नको कसे म्हणता? तेज नको असे नाही. वीज तिला न्यायला आली. ती विजेच्या मागे धावली नव्हती.

योगशास्त्रात पतंजलींनी अभ्यास दृढ होण्याला तीन अटी घातल्या आहेत. तो दीर्घकाळ व्हावा, खंड न पडता व्हावा आणि आदराने व्हावा. पहिल्या दोन अटी आपण ऐकतो, तिसरी विसरतो. आदर नसेल तर नेमाची वेठ होते. मग बैलही नेमाने घाण्याभोवती फिरतोच की! ज्याला आपला नेम गोड लागतो त्याला दुसऱ्याचा पराभव गोड करून खावा लागत नाही. काठ म्हणतात तो हाच. हरिपाठ ठरल्या वेळी झाला आहे, पंधरवड्याची एकादशी चुकलेली नाही, अशा माणसाचा पक्ष पडला तर त्याला वाईट वाटेल, वाटावेच. पण रात्री झोप लागेल, आणि सकाळी समोरच्या तटातल्या शेजाऱ्याला रामराम घालता येईल.

वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे आहे. एकदाच जाऊन आलेल्याला आपण वारकरी म्हणत नाही. मुक्ताईची पालखी महिन्याहून अधिक दिवस पायी चालून पंढरीस पोचते. 2020 साली महामारीत पायी चालणे बंद झाले, तेव्हा पादुका एस. टी. च्या गाडीने गेल्या. थाट गेला, पताका गेल्या, गर्दी गेली, पण खेप चुकली नाही. मला त्या वर्षाची वारी इतर पुष्कळ थाटाच्या वाऱ्यांहून मोठी वाटते. आणि 2024 च्या जूनमध्ये, धुळ्याच्या 3,831 मतांची चर्चा अजून गरम असताना पालखी निघाली, तिच्यात हरलेल्या बाजूचे होते आणि जिंकलेल्याही बाजूचे होते. पाऊल मात्र सर्वांना एकाच तालावर टाकावे लागले.

निवडून आलेल्यांकडेही याच दृष्टीने पाहावे. प्रचारात कोण किती गाजला ते चार दिवस लक्षात राहते. गावाच्या पाण्याला, रस्त्याला, शाळेला पाच वर्षे कोण येत राहिला, तेवढे स्मरून बटण दाबावे.

सप्ताह चालू असता मतदान आले तर काय करावे, असे काही मंडळींनी विचारले आहे. सप्ताहात वीणा भुईवर ठेवायची नसते, ती गळ्यातून गळ्यात जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशी पहारे दोन तासांऐवजी एकेक तासाचे करावेत, म्हणजे कुणाचेही मत राहणार नाही. एका गावी असे करताना मी पाहिले. शाई लावलेले बोट तसेच तारेवर आले आणि नाम चालू राहिले. पहाऱ्याची यादी आदल्या रात्रीच मांडवाच्या खांबाला लावून ठेवावी. ज्या दोघांचे तट वेगळे, त्यांची नावे एकाखाली एक लिहावीत, म्हणजे वीणा त्यांनाच एकमेकांच्या गळ्यात घालावी लागेल. काकड्याची वेळ मात्र बदलू नये.