जळालेला पट

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत असे कितीएक बंधुभगिनी आहेत की जे दिवसभर शेतात राबून रात्री दिव्याजवळ एखादे भजन रचितात. ते मंडळीत नेले असता कोणी हसतो, कोणी चाल बसत नाही म्हणून वही परत करितो. मग ती वही पुन्हा उघडवत नाही. हे आम्ही अनुभवाने जाणतो. आम्हीही एक वही चुलीत घातली आहे, व तिचा पश्चात्ताप अद्याप होतो.

अशा दुखावलेल्या जनांनी यिर्मयाच्या पुस्तकाचा ३६ वा अध्याय वाचावा. यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्वी ६०५ च्या सुमारास, यिर्मयाने आपल्या २३ वर्षांच्या सेवेतील वचने तोंडाने सांगितली व नेरीयाचा पुत्र बारूख याने ती शाईने पटावर लिहिली. पुढल्या वर्षी तो पट राजापुढे आला. थंडीचे दिवस होते, शेगडी पेटलेली होती. तीनचार रकाने वाचून होताच राजाने ते चाकूने कापून विस्तवात टाकावे, असे करिता करिता सर्व पट जळाला. एलनाथान, दलाया व गमऱ्या यांनी जाळू नये म्हणून विनंती केली, ती व्यर्थ गेली. ह्या तिघांची आठवण मंडळ्यांनी ठेवावी असे आम्हांस वाटते. कारण वही परत करणारे पुष्कळ, तिच्यासाठी रदबदली करणारे थोडे.

बारूख तर पट जळण्यापूर्वीच, त्या चौथ्या वर्षीच, कण्हून थकला होता. ४५ व्या अध्यायात ते आहे. परमेश्वराने त्याचे कण्हणे ऐकिले. तथापि स्वतःसाठी मोठ्या गोष्टींची इच्छा धरू नको असे बजाविले, आणि दिले ते केवळ प्राणरक्षणाचे वचन. हे ऐकणे कठीण आहे. आम्हांस वाहवा हवी असते, व ती न मिळाली म्हणजे कामच नाकारले गेले असे आम्ही समजतो. चाल खरोखर चुकली असेल तर सुधारावी. तेथे रुसणे बरे नाही. परंतु राजाने पट जाळिला तो बारूखाचे अक्षर वाईट म्हणून नव्हे, तर बाबेलचा राजा येऊन देश उजाड करील असे त्यात लिहिले होते म्हणून. ह्या दोन नकारांतील भेद प्रार्थनेने ओळखावा लागतो.

मग यिर्मयाने दुसरा पट घेऊन बारूखास दिला. पहिल्यातील सर्व वचने पुन्हा सांगितली, आणि तशाच पुष्कळ वचनांची त्यात भर पडली. तेच शब्द, तीच बोटे, आणि दोघांस धरण्याचा राजाचा हुकूम सुटलेला! त्या वेळी बारूखाच्या मनात काय आले, हे शास्त्र सांगत नाही. तो लिहीत गेला एवढेच सांगते.

उपदेशकांनी येत्या रविवारी हा अध्याय मंडळीत वाचावा, आणि मागे बसणाऱ्या एखाद्या बंधूस अथवा भगिनीस आपली वही बरोबर आणावयास आधीच सांगून ठेवावे.