कारण आणि दोष

घरात मृत्यू घडला की दुःखाच्या पाठोपाठ एक प्रश्न येऊन उंबऱ्यावर बसतो: हे कोणामुळे झाले? मृत्यू कसा आला हे समजून घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु त्या 'कसा'चे 'कोणामुळे'त रूपांतर किती सहज होते, याकडे आपले लक्ष जात नाही. कारण शोधता शोधता आपण दोषी शोधू लागतो, आणि तो एकदा सापडला की कारणाचा शोध तेथेच थांबवतो. कारण आणि दोष या गोष्टी एकच आहेत काय, याचा विचार करणे मला एका पंधरा वर्षांच्या मुलाने भाग पाडले.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. ते आणि मी, दोघेही नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर आलो आणि येथेच रुजलो. त्यामुळे नाते नसतानाही घरोबा होता. दिवाळीच्या सुटीत त्यांचा नातू वसतिगृहातून घरी आला तो अंगात कणकण घेऊनच. नेहमीप्रमाणे आजोबांच्याच खोलीत निजला. चार दिवसांत तो हिंडूफिरू लागला, आणि आजोबांना ताप भरला. आठवडाभराने तो उतरला. त्यांनी मऊ भात मागून खाल्ला आणि आता हुशारी वाटते असे म्हणाले. दुसऱ्याच रात्री हुडहुडी भरून ताप उलटला व धाप लागली. इन्फ्लुएन्झा आणि त्यावर झालेला न्यूमोनिया, असे निदान झाले; रक्तात न्यूमोकोकस नावाचे जंतू सापडले. उपचारांत कसूर झाली नाही, पण ते वाचले नाहीत. तेरावा झाल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, आजोबा माझ्यामुळेच गेले ना?"

मी तेव्हा त्याला उगी केले, परंतु उत्तर दिले नाही. मला त्याच्या घरातील एक जुनी गोष्ट आठवत होती. त्याच्या आजोबांच्या आजी १९१८ सालच्या मानमोडीत गेल्या होत्या. त्यांचे धाकटे दीर मुंबईहून गावी परतले आणि त्यांनी तो ताप घरात आणला, असे सर्वांनी ठरवून टाकले. त्या माणसाला कोणी घराबाहेर काढले नाही. मात्र त्यानंतर त्याच्या हातचे पाणी त्या बाईंच्या मुलांनी कधी घेतले नाही. शेजारचे हे गृहस्थच ही हकीकत सांगत, आणि शेवटी म्हणत, "त्या माणसाने जन्मभर एका खोकल्याची शिक्षा भोगली." त्यांच्याच नातवाच्या वाट्याला आता तीच शिक्षा येऊ पाहत होती, फरक इतकाच की, ती तो स्वतःच स्वतःला देत होता.

म्हणून प्रथम कारणाचाच विचार करू. इन्फ्लुएन्झाच्या कारणाचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. १८९२ साली जर्मन जंतुशास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांना रुग्णांच्या कफात एक दंडाकृती जंतू आढळला आणि रोगाचा गुन्हेगार सापडला असे जाहीर झाले. १९१८ च्या साथीत जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याचा शोध घेतला. तो काही मृतांत सापडला, काहींत सापडला नाही. कोठे न्यूमोकोकस मिळाला, कोठे स्ट्रेप्टोकोकस. एकच आरोपी हवा असलेल्यांची मोठी पंचाईत झाली. पुढे १९३१ साली अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी डुकरांच्या इन्फ्लुएन्झावर प्रयोग केले. सूक्ष्म गाळणीतून पार होणारे द्रव्य, म्हणजे विषाणू, तेवढेच दिले तर डुकरे किरकोळ आजारी पडत. नुसता जंतू दिला तर त्यांना काहीच होत नसे. दोन्ही एकत्र दिली की ती गंभीर आजारी पडत. दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी लंडनमध्ये मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणूही वेगळा काढला. खरा आरोपी अखेर हाती लागला असे तेव्हा वाटले असेल. पण प्रकरण तेथे संपत नव्हते. १९१८ साली मरण पावलेल्या ५८ जणांच्या फुफ्फुसांचे जतन केलेले तुकडे नव्याने तपासून अमेरिकन संशोधकांनी २००८ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यावरून दिसते की त्या साथीतील बहुसंख्य बळी एकट्या विषाणूचे नव्हते. विषाणूच्या मागोमाग आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने ते घेतले होते.

हे कसे घडते? आपल्या श्वासनलिकेच्या आतील पेशींवर केसांसारखे बारीक तंतू असतात. ते अखंड हलत राहून धूळ व जंतू वर, घशाकडे लोटतात. विषाणू या पेशींचाच नाश करतो, आणि घरातील केर काढणारा हातच लुळा पडतो. पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त आवरण तो कापतो, त्यामुळे जंतूंना चिकटून बसावयास जागा मोकळी होते. विषाणूशी लढताना शरीर जी द्रव्ये निर्माण करते, त्यांतील काहींमुळे फुफ्फुसात जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशी काही काळ मंदावतात. म्हणजे एका शत्रूवरील चढाईच दुसऱ्यासाठी दार उघडते. उलट काही जंतूंची पाचक द्रव्ये विषाणूच्या प्रथिनाला छेद देऊन त्याचा पेशीतील प्रवेश सुकर करतात. ताप उतरल्यावर, बरे वाटू लागल्यावर घाला पडतो, त्याचे रहस्य हे असे आहे.

परंतु मला सर्वांत अंतर्मुख करणारी गोष्ट निराळीच आहे. हे जंतू बहुधा बाहेरून आलेले नसतात. न्यूमोकोकस हा कित्येक निरोगी माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाघशात सुखाने राहत असतो. तो कोणाला उपद्रव देत नाही. घरातील माणसांनाही त्याची वार्ता नसते. एके काळी निरोगी फुफ्फुस निर्जंतुक मानले जाई. आता तेथेही विरळ का होईना, जंतूंची ये-जा असते असे समजले आहे. शरीर त्यांना हुसकत राहते, ते येत राहतात, आणि या तोलालाच आपण आरोग्य म्हणतो. ज्या जंतूने त्या वृद्धाचा प्राण घेतला, तो कदाचित त्यांच्याच घशात कितीतरी दिवस मुक्कामाला असेल. मग त्यांना मारणारा कोण? नातवाने आणलेला विषाणू? घशातील भाडेकरू? वयाने थकलेली प्रतिकारशक्ती? की तिघांची गाठ घालणारा तो आठवडा?

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध व्यापार आणि दैव. असे असता जो एकट्या कर्त्याकडेच पाहतो, त्याला खरे दिसत नाही, असाही तेथे निर्वाळा आहे. आपण हा अध्याय मुखोद्गत करतो; परंतु घरात मृत्यू झाला की पाचांपैकी चार कारणे विसरतो आणि एका माणसाला धरतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बळकट आहे. कारणांची अशी वाटणी करीत गेलो तर शेवटी दोष कोणाचाच उरणार नाही. सर्वांनी थोडे थोडे केले, म्हणजे कोणीच काही केले नाही! हा आक्षेप टाळता येत नाही, याचा पुरावा मुंबईतच आहे. १९१८ च्या साथीत मुंबई शहरात युरोपियनांतील मृत्यूचे प्रमाण दर हजारी ८.३ होते, तेव्हाच्या सरकारी वर्गवारीत 'खालच्या जातींचे हिंदू' म्हणून नोंदलेल्यांत ते ६१.६ होते. विषाणू तोच होता, जंतूही तेच होते. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महाग झाले होते. कोंदट खोलीत दाटीने निजणाऱ्या, अर्धपोटी, शुश्रूषेला कोणी नसलेल्या माणसाच्या फुफ्फुसात त्या दोघांना जे रान मिळाले, ते बंगल्यात मिळाले नाही. येथे जर कोणी म्हणाला की कारणे पुष्कळ होती, दोष कोणाचाच नव्हता, तर ते तत्त्वज्ञान नव्हे. ती सबब होय.

तेव्हा तोडगा कोठे आहे? मला वाटते, आपण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतो. 'हे कशाने घडले?' हा एक, आणि 'येथे काय करणे कोणाच्या हाती होते?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नेहमीच अनेकवचनी असते. त्यात विषाणू, जंतू, वय, भूक, ऋतू सारे येतात. दुसऱ्या प्रश्नाच्या कक्षेत मात्र जाणणारा आणि करू शकणारा तेवढाच येतो. जंतूला दोष देता येत नाही, कारण त्याला जाणीव नाही. त्या मुलाला जाणीव आहे, परंतु आपली कणकण म्हणजे काय, हे त्याला कळले नव्हते. आणि आजोबांजवळ निजणे हा प्रेमाचा रिवाज होता, हयगय नव्हे. मुंबईहून परतलेल्या त्या दिराला तर विषाणू हा शब्दही ठाऊक असणे शक्य नव्हते. उलट ज्यांना गिरणगावातील खोल्या ठाऊक होत्या आणि ज्यांच्या हाती त्या बदलणे होते, त्यांना हा दुसरा प्रश्न चुकवता येणार नाही.

आणि मलाही तो चुकवता येत नाही. इन्फ्लुएन्झाची आणि न्यूमोकोकसची लस मिळते, ती वृद्धांना द्यावी, हे मला माहीत होते. मी स्वतः ती घेतली होती. शेजारी सांगावे असे दोनतीनदा मनात आले आणि दरवेळी पावसाच्या, नाही तर गावाकडच्या गोष्टींत ते राहून गेले. लस घेऊन ते निश्चित वाचले असते असे नव्हे. म्हणून मी स्वतःला मारेकरी म्हणत नाही, तसे म्हणणे हाही एक प्रकारचा अहंकारच होईल. पण सांगणे माझ्या हाती होते, आणि मी सांगितले नाही, एवढे मला मान्य केले पाहिजे.

काही दिवसांनी मी त्या मुलाला बोलावून हे सारे सांगितले. तंतूंचे, डुकरांच्या प्रयोगाचे, त्याच्या खापरपणजीच्या दिराचे, आणि शेवटी माझे स्वतःचेही. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "आजीने ती लस घेतली आहे का?" मी म्हणालो, "नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तो आजीला घेऊन दवाखान्यात निघालेला मला खिडकीतून दिसला. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर गेलो.