रंग कोठून येतो?

वाचन : योहान 15:1–8, नीतिसूत्रें 23:29–35



तासगावच्या द्राक्षबागा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या आहेत. कित्येकांचे हात त्यांत राबले आहेत. आज तो तालुका सांगली जिल्ह्यांत आहे. 1949 पर्यंत तो सातारा जिल्ह्यांत होता. तेथील द्राक्षें बहुतेक खाण्यास व बेदाण्यास जातात. परंतु 2001 सालीं सरकारनें द्राक्षारसाच्या धंद्यास उत्तेजन देण्याचें धोरण ठरविलें आणि पलूस येथें त्यासाठीं जागा नेमिली. तेव्हां उत्तम तांबडा द्राक्षारस कसा होतो, हें आपणही जाणावें. पिण्यासाठीं नव्हे, शिकण्यासाठीं.

पहिलें, सहवास. काळें द्राक्ष चिरडून पाहा; बहुतेक जातींचा रस फिकाच निघतो. तांबडा रंग सालींत असतो. म्हणून साल, बी व रस हीं पिंपांत एकत्र ठेवितात. रस आंबूं लागला कीं साली वर तरंगतात. त्या दिवसांतून दोन-तीन वेळां खालीं दाबाव्या लागतात. असें आठवडाभर, कधीं अधिकही चालतें. रस ज्याच्या सहवासांत राहिला त्याचाच रंग त्यास चढतो. प्रभूनें शिष्यांस आपणामध्यें राहावयास सांगितलें. रविवारीं तासभर बसून उठणाऱ्यास रंग चढत नाहीं.

दुसरें, छाटणी. एप्रिलांत खरडछाटणी करून माळी वेल जवळजवळ उघडा करितो. ऑक्टोबराच्या सुमारास फळछाटणी करितो. उत्तम रसासाठीं तर कांहीं घड कच्चे असतांनाच काढून टाकितात, म्हणजे उरलेल्यांत गोडी भरते. नवख्यास वाटतें, बाग उजाड झाली. संकटांत आपणही तसेंच म्हणतों. प्रत्येक दुःखाचा अर्थ आपणांस सांगतां येणार नाहीं. पण कात्री पित्याच्या हातीं आहे, हें विसरूं नका.

तिसरें, घराणें. इटली देशांत फ्लॉरेन्स येथें अंतिनोरी नांवाचें घराणें 1385 पासून हा धंदा करीत आहे. 26 पिढ्या झाल्या. वेल लावणारा केवळ आपणासाठीं लावीत नाहीं. आपल्या घरांतही बाप जें मुरवितो तें लेंकरांच्या वांट्यास येतें. ज्या घरची मजुरी गुत्त्यांत जाते, त्या घरच्या लेंकरांस भय व उपास हाच वारसा मिळतो. नाबोथानें वडिलांचा द्राक्षमळा राजासही दिला नाहीं (1 राजे 21). आणि आपण आपला संसार एका पेल्यासाठीं द्यावा काय?

कोणी म्हणेल, ती हलकी दारू. हा तर उंची रस. बंधूंनो, नीतिसूत्रकारानें पेल्यांतील तांबड्या रंगास भुलूं नये असें सांगितलें, तेव्हां किंमत विचारली नाहीं. बाटली स्वस्त असो कीं महाग, तिच्यांतील मद्यार्क एकच.

तर शनिवारीं मजुरी हातीं पडेल तेव्हां प्रत्येकानें क्षणभर उभें राहून स्वतःस विचारावें : मी कोणाच्या सहवासांत मुरत आहें? माझ्या लेंकरांस कोणता रंग चढत आहे? मग पाऊल घराकडे वळवावें. वेलांत राहणाऱ्या फाट्यास फळ देण्याचें सामर्थ्य वेलच देतो. प्रभु आपणां सर्वांस आपल्यामध्यें राखो. आमेन.