दोरीचा पीळ

धनुष्याचं लाकूड, त्याची घडण, बाणाची पिसं यांवर धनुर्धर तासन्‌तास बोलतात. दोरीचा विषय मात्र "कुठून आणलीस?" एवढ्यावर संपतो. कौटिल्याला तिची जास्त कदर होती. अर्थशास्त्रात धनुष्यांपाठोपाठ त्यानं दोऱ्यांचीही यादी दिली आहे: मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू. आज त्यांची जागा डॅक्रॉनसारख्या कृत्रिम धाग्यांनी घेतली आहे. वळण्याची रीत मात्र शेतकरी ज्या रीतीनं दावं वळतो, तीच.

चाळीस पौंडांच्या धनुष्याला डॅक्रॉनचे 12 धागे पुरतात. त्यांचे सहा-सहाचे दोन पेड करायचे, टोकं थोडी मागेपुढे ठेवायची, म्हणजे दोरी एकदम बारीक न होता निमुळती होत जाते. मग भरपूर मेण. वरचा पेड बोटांत धरून स्वतःपासून दूर पिळायचा आणि दुसऱ्यावरून आपल्याकडे ओढून घ्यायचा; पुन्हा आता वर आलेला. प्रत्येक पेड उलगडू पाहतो एका दिशेला, सगळी दोरी दुसऱ्या दिशेला, आणि त्या ओढाताणीत दोन्ही जागच्या जागी राहतात. पुरेसं वळून झालं की दुमडून फास करायचा, उरलेली शेपटं ज्या त्या पेडात मिळवायची आणि पुढे वळत राहायचं. गाठ कुठेच नाही. दुसरा फास वळण्याआधी मधले धागे मोकळे करून सरळ करावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळता येत नाही.

खरी गंमत पुढे, दोरी चढवल्यावर. मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. जुने लाँगबोवाले ते मूठ आणि ताठ अंगठा लावून बघत. साधारण सात इंच भरतं. पीळ वाढवला की दोरी आखूड होते आणि हे अंतर वाढतं. कमी ठेवलं तर बाण दोरीवर जास्त वेळ राहतो, थोडा वेगही मिळतो, पण दोरी मनगटावर सणकून बसते. फार वाढवलं तर ताकद वाया जाते. मधे कुठेतरी धनुष्याचा आवाज मऊ होतो. तो आवाज कोष्टकातून मिळत नाही. एकेका पिळानं पुढे सरकत, बाण सोडत, ऐकत शोधावा लागतो. घाईची माणसं इथे कंटाळतात. माझ्या मते धनुर्विद्येतला सगळ्यात शिकवणारा तास हाच.

दोन पथ्यं मात्र आहेत. वळलेल्या दोरीचा पीळ वाढवावा तो वळणाच्या दिशेनंच. उलट फिरवत गेलं तर फास सुटू लागतात. सर्व्हिंग, म्हणजे दोरीवर गुंडाळायचा संरक्षक धागा, तेही अशा बाजूनं गुंडाळावं की पीळ दिल्यावर ते आवळेल. आणि पिळाचा हव्यास नको, अति पिळलेली दोरी स्प्रिंगसारखी ताणली जाते. लांबी इतकी चुकली असेल तर नवी वळावी.

नवी दोरी सुरुवातीला ताणली जातेच, ब्रेस हाइट उतरते, पुन्हा पीळ द्यावा लागतो. म्हणून स्पर्धेला नेताना राखीव दोरी पाकिटातली कोरी नेऊ नका. आधी मैदानावर तिच्यावरून शंभरेक बाण सोडा, ती स्थिरावू द्या आणि मग तिची ब्रेस हाइट वहीत लिहून ठेवा.