नाव पुसलेला तक्ता

जीटेक्स या अमेरिकी प्रकल्पाचा एक तक्ता इंटरनेटवरून कुणालाही उतरवून घेता येतो. पासवर्ड लागत नाही, अर्ज लागत नाही, कशाला हवाय म्हणून कुणी विचारतही नाही. आठव्या आवृत्तीतल्या या तक्त्यात ५६,२०० आडव्या ओळी आहेत आणि १७,३८२ उभे रकाने. ओळ म्हणजे एक जनुक. रकाना म्हणजे एका मृत माणसाच्या शरीरातला एक तुकडा : कुणाच्या यकृताचा, कुणाच्या फुप्फुसाचा, कुणाच्या मेंदूचा. चौकटीतला आकडा सांगतो की त्या तुकड्यात ते जनुक किती जोमानं काम करत होतं. नाव कुठंच नाही. वयसुद्धा नेमकं नाही, '६०-६९' असा दहा वर्षांचा पट्टा तेवढा दिलाय. याच माणसांच्या डीएनएची अक्षरं मात्र कुलुपात आहेत. ती हवी असतील तर संस्थेमार्फत अर्ज करायचा, काय काम करणार ते लिहून द्यायचं आणि परवानगीची वाट बघायची.

एकाच शरीरातून निघालेली दोन प्रकारची माहिती, एक उघड्यावर आणि एक बंदोबस्तात. ही वाटणी आपोआप झालेली नाही. तिच्यामागे एक समजूत होती, आणि ती समजूत कशी तयार झाली व कशी विरत गेली हे पाहिलं, तर 'खासगी' म्हणजे काय याबद्दलचा आपला विचारच गेल्या तीस वर्षांत किती हलला आहे ते कळतं.

समजूत भाबडी नव्हती. डीएनए जन्मभर तोच राहतो. जनुकांची सक्रियता तासातासाला बदलते. जेवलात, ताप आला, गोळी घेतली, रात्रभर जागलात, की आकडे हलले. जे काल होतं ते आज नाही, त्यावरून माणूस कसा ओळखणार? पहिलं माणूस 'कोण' ते सांगतं, दुसरं त्याचं 'कसं चाललंय' ते सांगतं. कुलूप पहिल्याला हवं, दुसऱ्याला कशाला?

त्या काळाचं वारंही उघडेपणाचंच होतं. १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की मानवी जनुकसंचाचं जे वाचन होईल ते चोवीस तासांच्या आत जगापुढे ठेवायचं. त्याच्या आदल्या वर्षी स्टॅनफर्डला पॅट्रिक ब्राऊन यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर ठिपके मांडून, अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्या रोपाची ४५ जनुकं एका दमात मोजली गेली होती. १९९९ पर्यंत टॉड गोलब आणि सहकाऱ्यांनी निव्वळ सक्रियतेच्या आकड्यांवरून रक्ताच्या कर्करोगाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. २००० साली अमेरिकेत जीईओ हा सार्वजनिक साठा उघडला, आणि थोड्याच काळात मोठ्या नियतकालिकांनी अट घातली : आधी आकडे साठ्यात ठेवा, मग लेख छापू. या उघडेपणाचं मोल आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ज्या विद्यापीठाकडं यंत्र घ्यायला पैसे नाहीत, तिथला विद्यार्थीही एक संगणक आणि बरं नेट एवढ्यावर बोस्टनमधल्या रुग्णांचे आकडे तपासू शकतो. पुण्यात बायोइन्फर्मॅटिक्स शिकणाऱ्या किती जणांचा हात याच साठ्यांवर बसला असेल!

'कोण' आणि 'कसं चाललंय' यांच्यामधल्या भिंतीला पहिली चीर पाडली ती जीवशास्त्रानंच, आणि तीही खासगीपणाचा विचार मनात नसताना. २००३ मध्ये एरिक शाड आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मका, उंदीर आणि माणूस यांच्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एखादं जनुक एका माणसात जास्त आणि दुसऱ्यात कमी का चालतं, याचं उत्तर कित्येकदा त्यांच्या डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकात सापडतं, हे त्यातून दिसत होतं. म्हणजे सगळीच सक्रियता हवेवर हलणारी नाही. तिच्यातला काही भाग जन्मतः ठरलेला आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. ईआरएपी-२ नावाचं एक जनुक आहे, रोगप्रतिकारक यंत्रणेत काम करणारं. त्याचे दोन अवतार माणसांत जवळपास सारख्या प्रमाणात आढळतात : एक चालणारा, एक जवळजवळ मुका. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती प्रत्येकाला मिळतात. दोन्ही चालत्या असतील तर तक्त्यातला आकडा मोठा, एकच चालती असेल तर साधारण निम्मा, दोन्ही मुक्या असतील तर जवळपास शून्य. शंभर माणसांचे आकडे कागदावर मांडले तर ठिपक्यांचे तीन पुंजके दिसतात. पुंजका बघितला की डीएनएतलं अक्षर कळलं. डीएनए वाचायची गरजच उरली नाही. अशी वीस जनुकं मिळाली आणि प्रत्येकाच्या तीन शक्यता धरल्या, तर गुणाकार ३४८ कोटींच्या वर जातो. प्रत्यक्षात सगळे पुंजके इतके स्वच्छ नसतात, त्यामुळं वीसवर भागत नाही, काही शे लागतात. पण तक्त्यात ओळी ५६,२०० आहेत.

परीट कपड्यावर नाव लिहीत नाही, शाईची एक खूण करतो. रस्त्यावर सापडलेल्या सदऱ्यावरची ती खूण तुम्हाआम्हाला निरर्थक; ज्याच्या हाती परटाची वही आहे त्याला मालकाचं घर माहीत. सक्रियतेच्या तक्त्यातल्या या खुणा अशाच. त्या पहिल्यापासून तिथं होत्या. वही तेवढी तयार व्हायची होती.

ती आधी तयार झाली एका अगदी घरगुती कामासाठी. प्रयोगशाळेत शेकडो नळ्या असतात, लेबलं असतात, थकलेली माणसं असतात, अदलाबदल व्हायचीच. एका नमुन्याचा डीएनए आणि त्याचेच सक्रियतेचे आकडे खरोखर एकाच माणसाचे आहेत ना, हे कसं तपासायचं? सर्वांत सोपी युक्ती जुनीच : रकान्यावर 'पुरुष' लिहिलंय आणि एक्सआयएसटी हे बायकांमध्ये चालणारं जनुक जोरात चाललंय, म्हणजे कुठंतरी घोळ आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या गटानं हीच युक्ती शेकडो जनुकांवर नेली. आकड्यांवरून अक्षरांचा अंदाज बांधायचा, तो डीएनएशी ताडून पाहायचा आणि चुकलेली जोडी पकडायची. सार्वजनिक असलेले पाच संच त्यांनी तपासले, त्यातल्या चारांत अदलाबदल सापडली. सरासरीनं ३ टक्के नमुने चुकलेले होते. एका संचात तर २३ टक्के. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला : आता चुका दुरुस्त करता येतील.

ग्रोनिंगनच्या त्या अभ्यासाकडं आज मागं वळून बघताना मला नवल वाटतं ते याचं की, आपण नेमकं काय सिद्ध केलंय याची फारशी चर्चा झाली नाही. सुटी पडलेली सक्रियता तिच्या खऱ्या मालकाकडं परत पोचवता येते, असंच तर ते सिद्ध करत होते. दुरुस्तीचं हत्यार आणि ओळख पटवायचं हत्यार एकच.

पुढच्याच वर्षी हे स्पष्ट शब्दांत मांडलं कुणी, तर त्याच शाड यांनी. २०१२ च्या 'नेचर जेनेटिक्स'मधल्या लेखात त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी दाखवलं की निव्वळ सक्रियतेच्या आकड्यांवरून माणसाच्या डीएनएचा एक बारकोड रचता येतो, आणि तो कोट्यवधींच्या लोकसंख्येतूनही एकाच माणसाकडं बोट दाखवण्याइतका नेमका असू शकतो. ज्यानं नऊ वर्षांपूर्वी हा संबंध दाखवून दिला, त्यानंच त्याची धोक्याची बाजूही मांडली. विज्ञानात असा प्रामाणिकपणा वाटतो तितका सर्रास आढळत नाही.

आणि झालं काय? फारसं काही नाही. चार वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी होती. २००८ मध्ये होमर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की हजारो लोकांच्या डीएनएची नुसती सरासरी प्रसिद्ध केली, तरी एखादा माणूस त्या गटात होता की नाही हे कळू शकतं. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टनं लेख बाहेर पडताच असे आकडे सार्वजनिक संकेतस्थळांवरून उतरवले. (अमेरिकी संस्थेनं हे धोरण पुढं २०१८ मध्ये बरंचसं सैल केलं, तो भाग निराळा.) सक्रियतेचे तक्ते मात्र जागचे हलले नाहीत. एक कारण उघड आहे : ते इतक्या जणांनी, इतक्या वर्षांत, इतक्या ठिकाणी उतरवून घेतले होते की परत घेणार ते कुठून? दुसरं कारण असं दिलं जाई की खूण वाचायला वही लागते. म्हणजे ज्या माणसाला शोधायचंय त्याचा डीएनए आधी हाती हवा, आणि डीएनए कुलुपात आहे.

हे दुसरं कारण २०१८ च्या एप्रिलमध्ये निकालात निघालं. कॅलिफोर्नियात चाळीसेक वर्षं न सापडलेला खुनी पोलिसांनी पकडला तो जीईडीमॅच या वंशावळीच्या हौशी लोकांच्या संकेतस्थळावरून. खुन्यानं आपला डीएनए तिथं दिलेला नव्हता. त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी दिला होता. त्याच वर्षी यानिव्ह एर्लिख आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : युरोपीय वंशाच्या अमेरिकन माणसांपैकी सुमारे ६० टक्क्यांचा निदान एक तरी नातेवाईक, खापरपणजोबांपासून फुटलेल्या शाखेतला का होईना, अशा साठ्यात सापडेल. वही आता बाजारात आली होती. पुढं २०२० मध्ये येलच्या गटानं, ज्यांची संमती होती अशांच्या कॉफीच्या उष्ट्या कपांवरून डीएनए मिळवला आणि तो निनावी सक्रियतेच्या नोंदींशी जोडून दाखवला. एकेका पेशीची सक्रियता मोजणारे तक्ते इतके विरळ आणि गोंगाटी असतात की त्यात खूण टिकणार नाही, असा शेवटचा एक दिलासा होता. २०२४ मध्ये 'सेल'मधल्या एका अभ्यासानं तोही काढून घेतला.

या प्रवासात एक मोठा बदल झाला तो प्रश्नातच. पूर्वी विचारलं जाई : नाव काढलं का? हो किंवा नाही. आता मार्क गर्स्टीन आणि गम्झे ग्युरसॉय यांच्यासारखे अभ्यासक विचारतात : या फायलीतून ओळख किती झिरपते? आणि ते मोजतात. अमुक भाग झाकला तर गळती इतकी कमी होते आणि उपयोग इतका घटतो, असा सौदा मांडता येतो. माझ्या मते हा खरा बौद्धिक पल्ला आहे. खासगीपणा हा फायलीच्या अंगचा गुण नाही. जगात आणखी काय काय उघडं पडलंय यावर तो ठरतो. जीटेक्सचा तक्ता प्रसिद्ध झाल्यानंतर त्यातलं एक अक्षरही न बदलता तो अधिक बोलका होत गेला.

म्हणून सगळंच कुलुपात घाला, असं म्हणणं सोपं आहे. आकड्यांत मुद्दाम गोंधळ मिसळायचा हाही एक मार्ग, आणि गणिती दृष्टीनं तो देखणा आहे. पण २०१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या गटानं वॉरफरीन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा डोस ठरवण्याच्या बाबतीत तो तपासला, तेव्हा कळलं की खासगीपणा राखण्यापुरता गोंधळ मिसळला तर डोस चुकतो. त्यांच्या संगणकावरच्या रुग्णांत रक्तस्राव आणि मृत्यूंचा धोका वाढला. कुलुपाचीही किंमत असते, आणि ती ज्यांच्यावर संशोधन कमी झालंय त्यांना जास्त मोजावी लागते.

इथं आपला संबंध येतो, आणि तो जरा विचित्र आहे. जीटेक्समधले सुमारे ८५ टक्के दाते गोरे अमेरिकन आहेत. खुणा वाचायची वही प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेली, तेव्हा मराठी माणसाच्या तक्त्यावर ती तितक्या नेमकेपणानं चालेलच असं नाही. म्हणजे आजवर आपल्याला मिळालेला खासगीपणा हा बराचसा दुर्लक्षाचा प्रसाद आहे. तो फार दिवस पुरणार नाही. जीनोमइंडिया प्रकल्पाचे १०,००० जनुकसंच जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले. ते फरिदाबादच्या केंद्रात आहेत आणि अर्ज केल्यावर मिळतात. भारतासह पाच आशियाई देशांतल्या ६१९ माणसांच्या रक्तपेशींचा पेशीगणिक नकाशाही त्याच वर्षी आला. आपल्या संशोधनासाठी हे हवंच होतं.

पण अमेरिकेतला धोका जसाच्या तसा इथं उचलून चालणार नाही. तिथं भीती विमा कंपनीची. इथं चौकशीला आधी येतात ते सोयरे. पिढ्यान्‌पिढ्या जातीत लग्नं झालेल्या समाजात एकाची खूण ही थोडीफार सगळ्या भावकीची खूण असते. नंदुरबार-गडचिरोलीकडं सिकलसेलची तपासणी होते तेव्हा मुलीच्या घरच्यांना आजाराइतकीच चिंता असते ती स्थळ हुकण्याची. संमतिपत्रावर सही एकाची, आणि परिणाम बहिणीच्या लग्नावर. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये हा मुद्दा ओळखला होता : वारलेल्या वडिलांच्या आरोग्यनोंदी देशव्यापी साठ्यात जाऊ नयेत असं म्हणायचा मुलीला हक्क आहे, कारण त्यातून तिच्याबद्दल कळतं.

आपला कायदा मात्र नाव काढलं की सुटलो या टप्प्याच्याही मागं सरकलाय. ब्रिटननं २०१८ च्या माहिती-संरक्षण कायद्यात, ओळख पुसलेल्या माहितीवरून परवानगीवाचून माणूस पुन्हा शोधून काढणं हा गुन्हा ठरवला. आपल्या २०१९ च्या माहिती-संरक्षण विधेयकातही तसं कलम होतं, ८२ वं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. त्याच विधेयकात जनुकीय माहितीची गणना संवेदनशील माहितीत केली होती. २०२३ साली प्रत्यक्ष जो कायदा झाला, त्यात ते कलमही नाही आणि ती गणनाही नाही.