पूर्वकर्म आणि घर

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न सांगितले. जीवाला कर्मफळ देवता देतात. मोक्ष एकटा परमेश्वर देतो. हे जाणणाऱ्या वासनिकाच्या घरीही मुलगा नापास झाला की, ‘त्याचे कर्मच तसे’ असे सहज म्हटले जाते. या उद्गारात शास्त्र किती व पळवाट किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

नागपुरात हातमागाचा धंदा भरात होता तेव्हा अनेक कोष्टी कुटुंबांत माग आणि अंथरूण एकाच खोलीत असे. कांड्या भरण्याचे काम बहुधा बायकामुलांकडे. शाळेतून आलेले मूल दप्तर ठेवून त्याच कामाला बसे, आणि गृहपाठ राहिला की वर्गात मंद ठरे. दारिद्र्य हा त्या पित्याचा दोष नव्हता. पण मागाचा खडखडाट नसलेल्या आजच्या घरांत दूरदर्शन, कलह आणि मद्य हे कोणी आणले? (परीक्षेच्या दिवसांत सत्संगाला ध्वनिक्षेपक लावणाऱ्यांनीही हा प्रश्न स्वतःस विचारावा.)

अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी १९६६ साली सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल सादर केला. शाळांच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा संबंध विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी अधिक दाट आढळला. त्याच वर्षी महानुभाव वाङ्मयाचे संशोधक डॉ. वि. भि. कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलच्या शेतकरी घरात १९०८ साली जन्मलेल्या कोलत्यांचा दाखला देऊन, ‘घर आड येत नाही’ असे काही म्हणतात. एकजण पूर पोहून गेला म्हणून नदीला उतार होता, असे ठरत नाही.

खरे प्रमाण आचारातच आहे. स्वामींनी संन्यस्त साधकाला स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः आप्तांचा संबंध त्याज्य सांगितला. बोध झालेल्या प्रौढ पुरुषालाही सोयऱ्यांचा संबंध आपल्याकडे ओढतो, हे त्यात गृहीत आहे. मग दहा वर्षांच्या मुलाचे काय? त्याला झोळी घेऊन निघून जाता येत नाही. जे घर मिळेल त्यातच त्याला राहावे लागते, आणि ते घर वासनिक रोज घडवीत असतो.

पूर्वकर्म नाही असे नव्हे. परंतु त्याचे फळ देणे हे देवतांचे कार्य. पित्याची त्यावर नेमणूक झालेली नाही. मुलाचे पूर्वकर्म किती, हे त्याला दिसतही नाही. सायंकाळी घरात भांडण किती झाले, हे मात्र शेजाऱ्यालाही ऐकू येते.